देवळीतलं शिंग

परभणीत राहून मी समुद्रातल्या प्राण्यांवर पोट भरतो, असं सांगितलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात आणि मग सहानुभूतीने माझ्या बायकोकडे. त्यांचं चुकत नाही. समुद्र इथून लांब, आणि पायाखाली आहे तो सगळा काळा पाषाण, कधीकाळी वाहून थंड झालेला लाव्हा. लाव्ह्यात प्रवाळ सापडत नाहीत. माझे प्रवाळ माझ्याबरोबर आले. माझ्या गुरुजींनी तरुणपणी हिमालयात फिरून, पाठीवर वाहून जमवलेले दगड निवृत्त होताना माझ्या हवाली केले. पुढे इथल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा ते मी पत्र्याच्या पेट्यांत भरून रेल्वेने घेऊन आलो. स्टेशनावरच्या हमालाने पहिली पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"साहेब, काय हाय ह्याच्यात? लोखंड?"

"दगड."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "परभनीला दगड आणलेत?"

या प्रश्नाला देण्यासारखं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

दगड ओळखणारा माणूस म्हणून एकदा नाव झालं की लोक दगड घेऊन येऊ लागतात. उल्का येतात, सोनं येतं, नागमणी येतात. एकदा पेडगावचे एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. मागे धाकटा भाऊ, आणि भावाच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला भोपळ्याएवढा गोल दगड. विहीर खोदताना डायनोसॉरचं अंडं निघालं, असं त्यांचं म्हणणं होतं. आमचा काळा पाषाण हवापाण्याने कांद्यासारखे पापुद्रे सोडत जातो आणि आतला गाभा गोल होतो. शेतात, ओढ्यात असे गोटे पडलेले असतात. मी ते समजावून सांगितलं.

"म्हंजी अंडं न्हाई?"

"नाही."

"आतमदी काहीच न्हाई?"

"आतही दगडच."

"बगा," धाकटा भाऊ म्हणाला. "आन् हा दादा धा दिसापासून त्याच्याजवळ कोंबड्या जाऊ देईना."

आम्ही तिघंही हसलो. पण ते गेले तेव्हा मोठ्या भावाचा चेहरा उतरलेला होता, आणि गोटा त्यांनी माझ्याच दारात ठेवला. अजून तिथेच आहे. दुसऱ्याचा समज मोडायला मला कधी वेळ लागला नाही. स्वतःचा मोडायची पाळी आली तेव्हा मी काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी धंदा थोडा समजावून देतो. आज समुद्रात जे प्रवाळ दिसतात ते बहुतेक वस्ती करून राहतात, हजारो जीव भिंतीला भिंत लावून. माझे प्रवाळ एकलकोंडे. एक जीव, एक शिंग. करडाच्या डोक्यावर नुकतंच वाढलेलं शिंग असतं ना, तेवढं आणि तसंच किंचित वाकडं. टोक खाली चिखलात, वरच्या रुंद तोंडाला एक वाटी, आणि वाटीत तो मऊ जीव बसलेला. वाढेल तसा तो अंगाखाली चुन्याचा थर घालत वर सरकायचा. म्हणजे शिंगाचं टोक हे त्याचं बालपण आणि वाटी हे त्याचं म्हातारपण. वाचकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी. मी ठेवली नव्हती.

हे सगळं कुळ डायनोसॉर जन्माला यायच्या आधीच संपलं. कुळाचं लॅटिन नाव इथे देत नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या बायकोला ते नीट उच्चारता येत नाही, आणि तिचं काही अडलेलं नाही.

बाहेरून ही शिंगं सारखीच दिसतात. ओळख आत असते, म्हणून कापावं लागतं. मोसंबी आडवी कापली की मध्यापासून सालीपर्यंत फोडींचे पडदे दिसतात, तसे या शिंगात चुन्याचे पडदे असतात. ते किती, कुठून फुटले, मध्यापर्यंत पोचले की आधीच थांबले, मध्ये जागा मोकळी आहे की तिथे एखादा खांब उभा आहे, यावरून प्रजाती ठरते. कापायच्या करवतीला हिऱ्याची कणी बसवलेली असते. पातं जेवढं जाड तेवढा दगड ते खातं. तेवढ्याची भुकटी होते आणि पाण्याबरोबर मोरीत जाते. ज्याला ओळखायचं, त्याला थोडं संपवल्याशिवाय ओळखता येत नाही. प्रत्येक काप घेण्याआधी मी मनातल्या मनात त्या जीवाची माफी मागतो. बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्याचीही मागता.

तर या कुळात एक प्रजाती जुनी, पूर्वीच्या लोकांनी ठरवलेली. तिच्या मधोमध खांब नाही. गुरुजींच्या पेट्यांतले तुकडे कापता कापता मला काही असे सापडले की त्यांच्या मधोमध स्पष्ट, भरीव खांब होता. मी त्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं. ते छापून आलं. परदेशातल्या दोघातिघांनी ते वापरलंही. आमच्या विषयात दोघंतिघं म्हणजे गर्दी. मला पगारवाढ मिळाली नाही, मात्र त्या वर्षी मी दिवाळीला गुरुजींना फोन केला तेव्हा माझा आवाज जरा मोठा होता.

अडचण एकच होती. पेट्यांतलं एकही शिंग आख्खं नव्हतं. बर्फाने, ओढ्यांनी, दरडींनी सगळी मोडलेली. कुणाचं टोक हाती, कुणाची वाटी.

मग सुनंदा आली. ती मानवतची. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तोलाईचं काम करतात. रोज एसटीने ये-जा करून तिने एमएस्सी केलं आणि माझ्याकडे पीएचडीला नाव घातलं. विषय मीच दिला: खांबवाले आणि बिनखांबाचे या दोन प्रजाती कधी वेगळ्या झाल्या आणि कशा पसरल्या. म्हणजे तिची सगळी इमारत माझ्या पायावर. ती कामाला चिवट. प्रत्येक तुकडा मोजायची, जाडी, पडदे, खांब, सगळं. पहिल्याच पावसाळ्यात तिने विचारलं होतं, "सर, खांबवाले सगळे बारीकच कसे?"

"ती प्रजातीच बारीक चणीची," मी म्हणालो.

काही तुकडे मधल्या जाडीचे होते. त्यांच्यातला खांब धड खांब नव्हता. कुठे वितळल्यासारखा, कुठे पडद्यापासून सुटलेला. "यांचं काय करायचं?" तिने विचारलं. दगड जमिनीत दबताना आतली रचना बिघडते, तसे हे खराब नमुने, असं सांगून मी ते तिला खालच्या खणात ठेवायला लावले. मी खोटं बोललो नाही. मला खरंच तसं वाटत होतं. तसं वाटणं किती सोयीचं आहे, एवढंच मी तपासलं नव्हतं.

तिचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला त्या हिवाळ्यात आम्ही मुलांची सहल येलदरीला नेली. धरणाजवळ खडक दाखवले, परत निघालो आणि वाटेत जीपचं इंजिन तापलं. रस्त्याच्या कडेला एक पत्र्याच्या छपराचं घर होतं, अंगणात मेंढ्यांचा वाडा. घरच्या बाईंनी, गयाबाई त्यांचं नाव, बोलावून पाणी दिलं, मला पडवीतल्या बाजेवर बसवलं. मी तांब्या तोंडाला लावून मान वर केली आणि तसाच राहिलो. पडवीच्या भिंतीत देवळी होती. देवळीत देवांचे टाक, एक निरांजन, आणि त्यांच्या बाजूला कुंकवाने माखलेलं एक शिंग. करडाच्या शिंगाएवढं, किंचित वाकडं. टोकापासून वाटीपर्यंत आख्खं.

सुनंदा माझ्या शेजारीच उभी होती. तिच्या तोंडून घाईत घरची भाषा निघाली. "सर, आख्खं हाय."

हे शिंग इथे कसं आलं, हे मी कसंबसं विचारलं. गयाबाई म्हणाल्या, "आमच्या ज्ञानोबानं आणलंय. रस्त्याच्या कामाला गेलता लदाखात, तिथं घावलं त्याला."

आता पुढची गोष्ट कुणालाही कळेल. हे एक शिंग टोकापासून वाटीपर्यंत ओळीने कापलं, तर खालीवर काय आहे ते दिसेल. खांब खालपासून वरपर्यंत असला किंवा कुठेच नसला, तर माझं म्हणणं टिकतं. पण खाली खांब असला आणि वर नसला, तर माझ्या दोन प्रजाती म्हणजे एकाच जीवाचं बालपण आणि म्हातारपण. मग माझं नाव गेलं. माझं जाऊ द्या. सुनंदाचा प्रबंध गेला.

जीपमध्ये ती म्हणाली, "मागितलं तर देतील का?"

"तो त्यांचा देव आहे," मी म्हणालो. "कुणाच्या देव्हाऱ्यातली वस्तू कापायला मागायची? शास्त्र म्हणून काय वाट्टेल ते करायचं नसतं." या विषयावर मी परभणी येईपर्यंत बोललो. श्रद्धा, माणुसकी, संशोधकाची जबाबदारी. मागे बसलेली मुलंही ऐकत होती. एक जण उतरताना माझ्या पाया पडला. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. मी बोललो त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ती सगळी वाक्यं मी ढालीसारखी पुढे धरली होती, हे मला नीट माहीत होतं. ते शिंग देव निघालं याचा मला इतका आनंद झाला होता की त्याचीच लाज वाटली.

पुढे काही आठवडे असेच गेले. सुनंदाने विषय काढला नाही. एके दिवशी ती प्रबंधाची शेवटची प्रत घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवली आणि समोरच उभी राहिली.

"बस ना."

"सर, एक विचारू? ते शिंग कापलं असतं तर काय दिसलं असतं?"

"कसं सांगणार? कापल्याशिवाय कळत नाही."

"तरी तुम्हाला काय वाटतं?"

खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी आउट झालं होतं आणि ते कबूल करत नव्हतं. मी म्हणालो, "उद्या सकाळच्या जिंतूर गाडीने निघू."

गयाबाईंच्या घरी जाताना मी मनात भाषण तयार केलं होतं. देव मागायचा तर रीतीने मागायला हवा. नारळ घेतला, हार घेतला. रिक्षातून उतरल्यावर अंगणाच्या तोंडाशीच चपला काढल्या आणि मेंढ्यांच्या लेंड्यांतून, खड्यांतून अनवाणी निघालो. गयाबाई वाड्यात एका लंगडत्या मेंढीचा खूर बघत होत्या.

"अवं सर, कामून बिनचपलाचं यायलाव? काटे हायेत तिथं!"

"असू द्या, आई."

मी पडवीत गेलो, देवळीपुढे हात जोडले, नारळ ठेवला. सुनंदानेही हात जोडले, पण ती माझ्याकडे बघत होती. मग मी बोलायला लागलो. तुमच्या देवाचा अपमान करायचा नाही, तुमची श्रद्धा मला माझ्या आईच्या ठिकाणी आहे, नाही म्हणालात तरी राग नाही. गयाबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

"सर, देव मागायलाव का तुमी? कोन्ता?"

"तो... शिंगासारखा."

त्यांनी देवळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावला. पदरामागून जे हसू आलं ते वाड्यातल्या मेंढ्यांनीही मान वळवून ऐकलं असेल.

"अगं ए रुक्मीन! भाईर ये! हे सर त्या दगडाला देव म्हणायलेत!"

सून रुक्मिणी कडेवरच्या लेकरासह बाहेर आली. तीही हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली आणि तिनेच सगळं सांगितलं. नवऱ्याने लदाखातून तो दगड आणला, वेगळा दिसला म्हणून. या लेकराला तेव्हा दात येत होते, दिसेल ते तोंडात. दगडाचं टोक घशात जाईल म्हणून तिने तो उचलून देवळीत ठेवला.

"देवापुढल्याला हात लावत न्हाई ते. भेतंय," गयाबाई म्हणाल्या. "एवडं एकच ठिकान हाय घरात, जिथं ह्याचा हात जात न्हाई."

"पण कुंकू?"

"करंडा सांडला व्हता, सर," रुक्मिणी म्हणाली. "फुसायचं राहूनच गेलं."

मी बाजेवर बसलो. आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो की एका बाजूने बघून दगड ओळखू नये.

"मंग नेता का?" गयाबाईंनी शिंग काढून पदराने पुसलं. "न्या की. काय करायलाव त्याचं?"

"कापणार आहोत," सुनंदा म्हणाली.

"कापा, फोडा. ज्ञानोबाला सांगते मी."

तेवढ्यावर माझ्या मनाचं समाधान होईना. कापताना करवत थोडा दगड खाते, परत आणून दिलं तरी होतं त्यापेक्षा लहान होईल, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"मेंढरू कातरल्यावर लहानच दिसतंय की, सर. मंग काय आमी मेंढक्याशी भांडतो का?" त्यांनी शिंग सुनंदाच्या हातात दिलं, माझ्या नाही. "धर गं बाई तू. सरांचं बोलनं सरंना."

खरंच सरत नव्हतं. आता माझ्याजवळ देव उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत आम्ही आधी शिंगाचा प्लास्टरचा साचा घेतला, म्हणजे बाहेरचा आकार कायमचा राहील. मग ते चिकट राळेत बसवलं आणि पेन्सिलने खुणा केल्या: टोकापासून वर, ओळीने. करवतीवर पाणी सोडलं. मी माफी मागितली. सुनंदाने विचारलं, "मी घेऊ पहिला काप?" आणि मी पाण्याची नळी धरून बाजूला झालो.

काप घेतला की तो तसाच बघायचा नसतो. काचेवर भुकटी टाकून घासायचा, धुवायचा, मग ओला असतानाच भिंगाखाली धरायचा. ओल्या दगडात रेषा उठून दिसतात. टोकाजवळचा पहिला काप तिने धुतला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. मधोमध खांब होता. भरीव, सुबक, माझ्या छापलेल्या चित्रात होता तसाच. मी श्वास सोडला.

"वाटीकडून घेऊ आता?" ती म्हणाली.

वाटीखालच्या कापाला वेळ लागला. दगड तिथे जाड होता. तिने घासलं, धुतलं, स्वतः पाहिलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. पडदे चाकाच्या आऱ्यांसारखे सुंदर पसरलेले होते. मध्ये काही नव्हतं. मोकळी जागा.

मधला काप आम्ही घेतलाच पाहिजे असं नव्हतं. तरी घेतला. त्यात खांब होता आणि नव्हता. पडद्यापासून सुटलेला, बारीक झालेला, वितळत चाललेला. असा खांब मी ओळखत होतो. सुनंदा उठली, खालच्या खणाशी बसली आणि तिने ते 'खराब' नमुने एकेक करून टेबलावर मांडले. शिंगाच्या मधल्या कापाशेजारी ते ठेवले तेव्हा सगळे एका घरातले दिसत होते. त्यांच्यात खराब काहीच नव्हतं. ते फक्त मधल्या वयातले होते.

एका शिंगावरून कुळाचा निकाल लागत नाही, हे मला माहीत आहे. पण सुनंदाची सगळी मोजणी आता एका ओळीत लागत होती: बारीक तेवढे खांबवाले, जाड तेवढे मोकळे, आणि मधले मधले. मी तरुणपणाला एक नाव दिलं होतं आणि म्हातारपणाला दुसरं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझी वर्षं गेली माझ्यामुळे."

ओले हात ओढणीला पुसत ती म्हणाली, "सर, मला पहिल्या पावसाळ्यातच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तुम्ही म्हणालात बारीक चणीची." मग म्हणाली, "आणि नाव तुम्ही दिलेलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी म्हणालो, मीही तुझ्यासाठीच गप्प होतो, तुझा प्रबंध बुडेल म्हणून. हे अर्धंच खरं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते तिलाही कळलं. पण ती हसली. आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो, आणि इतक्या दिवसांत कुणी भिंगातून बघितलं नव्हतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. उन्हाळ्यात पायातले बूट काढून थंड फरशीवर पाय टेकावेत, तसं काहीतरी होतं. आता सांभाळायला काही उरलं नव्हतं.

प्रबंध तिला पुन्हा लिहावा लागला. मुदतवाढ घ्यावी लागली. तिचे वडील मला भेटायला आले, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाले, "सर, वजन चुकलं तर आमीबी काट्यावर पुन्ना माल चढवतो. पर पोरीला आता किती येळा चढवणार?" मी म्हणालो, हे शेवटचं. त्यांना दिलेला शब्द खरा ठरला, याचं मला बरं वाटतं. त्यांना तो मागावा लागला, याचं अजून वाईट वाटतं. नवा प्रबंध जुन्यापेक्षा चांगला झाला. दोन प्रजाती कशा वेगळ्या झाल्या याऐवजी एक जीव वाढताना आतून कसा बदलतो, हे त्यात आहे, आणि ते खरं आहे. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तिला विचारलं, "तुमच्या मार्गदर्शकांनी ठरवलेली प्रजाती तुम्ही रद्द करता आहात, त्यांची हरकत नाही ना?" ती म्हणाली, "सरांनी करवतीला पाणी धरलं होतं." आता ती डॉक्टर सुनंदा आहे आणि पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मानवतच्या एसटीने माझ्या घरी आली होती.

मी दिलेलं नाव मात्र गेलं. आमच्यात नियम आहे, जुनं नाव टिकतं. माझं आता बाद नावांच्या यादीत, कायमचं. तिथेही ते व्यवस्थित छापलेलं असेल. गुरुजी आता थकलेत, ऐकू कमी येतं. मी फोनवर ओरडून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, आधी मेलो असतो तर कळलं नसतं," आणि आम्ही दोघं खूप वेळ हसलो.

उरलं गयाबाईंचं शिंग. पातळ चकत्या संग्रहाला लागणारच होत्या, तेवढ्या ठेवून घेतल्या. बाकीचे तुकडे राळेने जोडले, सांधे घासून लपवले. पण वाटीखालचा सांधा मी जोडला नाही. खालच्या तुकड्याची वरची बाजू आरशासारखी घासून चकचकीत केली, आणि वाटीचा तुकडा त्यावर झाकणासारखा ठेवला. झाकण उचललं की आत ते आऱ्यांचं चाक दिसावं. सुनंदाला सोबत घेतलं, आणि या वेळी नारळ नेला नाही. चपलाही काढल्या नाहीत. सरळ अंगणातून पडवीपर्यंत गेलो, खुशाल, मोकळ्या मनाने, आपल्या माणसांकडे जावं तसा.

"घ्या, आई. थोडं लहान झालंय."

गयाबाईंनी शिंग हातात घेतलं, फिरवलं. मी झाकण उचलून दाखवलं. त्या अंगणाच्या उजेडात गेल्या, डोळ्यांजवळ धरलं.

"अगं माय! चाक हाय की आत. रुक्मीन, बघ गं बघ!"

रुक्मिणी आली, लेकरू आलं. लेकरू आता चालायला लागलं होतं. त्याने हात पुढे केला तशी गयाबाईंनी शिंग वर उचललं. त्या देवळीकडे वळल्या. टाक थोडे बाजूला सरकवले, मधोमध जागा केली, शिंग भिंतीला टेकवून उभं ठेवलं. मग करंड्यातून बोटावर कुंकू घेतलं आणि नीट, जपून, त्याला लावलं. हात जोडले.

"आई," मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ना, हा देव नाही? हा साधा समुद्रातला प्राणी आहे. मी आतून पाहिलाय."

"तवा नव्हता," गयाबाई म्हणाल्या. "पर सर, तुमच्यासारखा शिकलेला मानूस त्याला येवडा भेला, नारळ घिऊन अनवानी आला. ते काय उगंच व्हय?"

सुनंदा पडवीच्या खांबाआड तोंड लपवून हसत होती. गयाबाईंनी निरांजन लावलं, मागे वळल्या, आणि त्यांची नजर माझ्या पायांवर थांबली.

"आता चपला काढा की, सर. देव हाय तिथं."